आजीच्या वह्या, बाबांचं विसरणं

घरात एका माणसाला डिमेन्शिया झाला ना, की थोड्या दिवसांनी बाकीची सगळी माणसं स्वतःवर पाळत ठेवायला लागतात. हे कोणी ठरवून करत नाही. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडकतं, खोलीत कशाला आलो होतो तेच डोक्यातून जातं, हे सगळं आधीही होत होतंच की, पण आता असं काही झालं की पोटात गोळा येतो. आणि त्याहून वाईट म्हणजे समोरचाही बघत असतो. बाबा बोलता बोलता एखादा शब्द शोधत थांबले की दादा, आत्या, मी, सगळेच गप्प होतो आणि आई तो शब्द पुरवते, इतक्या पटकन की जणू ते थांबलेच नव्हते.

आजीला अल्झायमर आहे, डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. ती बाबांची आई. ऐंशीच्या आसपास असताना निदान झालं, पण सुरुवात त्याच्या बरीच आधी झाली असणार, हे आता मागे वळून बघताना कळतं. तेव्हा आम्ही त्याला वय म्हणायचो. घरी कोणालाच हे आजारपण आहे असं वाटलं नव्हतं कारण आजी म्हणजे घरातलं सगळ्यात शाबूत डोकं. ती गणिताची शिक्षिका होती, आणि रिटायर झाल्यावरही रोज रात्री घरखर्चाचा हिशेब वहीत लिहायची. डावीकडे तारीख, मध्ये तपशील, उजवीकडे रक्कम, पान संपलं की खाली बेरीज आणि बेरजेखाली दोन समांतर रेघा. पट्टी न लावता मारलेल्या, तरी एकदम सरळ.

निदान झाल्यावर मी त्या वह्या काढून बसले. मला ते पान शोधायचं होतं जिथून हे सुरू झालं. शेवटच्या वहीत तर काही शोधावंच लागत नाही, तिथे एकच नोंद एकाखाली एक पुन्हा पुन्हा लिहिलेली आहे, तारखा मागेपुढे झाल्यात, बेरजेच्या जागी खोडाखोड आहे, आणि नंतरनंतर तर बेरीजच नाही, जागा रिकामी, पण तिच्याखाली त्या दोन रेघा मात्र आहेत. सरळ. म्हणजे हिशेब गेला पण हिशेब पूर्ण करायची हाताची सवय गेली नाही. न्यूरोलॉजिस्टना मी हे सांगितलं तर ते म्हणाले की असंच होतं, नव्या आठवणी जिथे तयार होतात तो हिप्पोकॅम्पसचा भाग सहसा आधी मार खातो, आणि हाताला लागलेल्या सवयी मेंदूच्या दुसऱ्या भागांत असतात, त्या बरंच टिकून राहतात. त्यांनी आजीला घड्याळ काढायला सांगितलं होतं, ही या आजाराची जुनी चाचणी आहे. तिने गोल छान काढला आणि एक ते बारा आकडे सगळे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने बसवले, आणि मग कागद जरा लांब धरून बघत म्हणाली, "यात काहीतरी चुकलंय, पण काय ते सांगता येत नाही." आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका तपासलेली बाई. मला त्या वाक्याचा अजून त्रास होतो.

तर वह्या. शेवटच्या वहीच्या आधीची वही, त्याच्या आधीची, असं मागे मागे जात राहिले आणि काहीच सापडेना. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की सापडणारच नव्हतं. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रोटीनचे थर साचतात आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रोटीनचे गुंते होतात, आणि हे साचणं लक्षणं दिसण्याच्या साधारण पंधरा-वीस वर्षं आधीपासून चालू असतं. म्हणजे ज्या काळात आजी आम्हाला बीजगणित शिकवत होती, ज्या पानांवर एकही बेरीज चुकलेली नाही, तेव्हाही ते आत चालू असणार. हे समजलं त्या रात्री मला झोप आली नाही. आजीसाठी नाही, खरं सांगायचं तर, बाबांसाठी. बाबा आता साठी ओलांडून पुढे आहेत.

एक अभ्यास मला सारखा आठवतो. अमेरिकेत डेव्हिड स्नोडन या संशोधकाने १९८६ साली नन्सवर एक अभ्यास सुरू केला, पुढे त्यात ६७८ जणी सामील झाल्या, सगळ्या पंच्याहत्तरीच्या पुढच्या, आणि मृत्यूनंतर मेंदू दान करायला तयार. त्यांच्यातल्या काही जणींनी विशी-बाविशीत मठात येताना स्वतःबद्दल थोडक्यात लिहून दिलेलं होतं आणि ते कागद जपून ठेवलेले होते. संशोधकांनी ते तपासले. ज्यांच्या लिखाणात कमी शब्दांत जास्त विचार बसवलेले होते त्यांच्यापेक्षा साधंसपाट लिहिणाऱ्यांमध्ये म्हातारपणी अल्झायमरचं प्रमाण बरंच जास्त निघालं. साठ वर्षं आधीचं लिखाण! हे वाचून मी माझं जुनं लिखाण काढून बसणार होते, पण वही मिटली आणि नाही बसले. त्याच अभ्यासात हेही दिसलं की काही नन्सच्या मेंदूत आजाराच्या खुणा भरपूर होत्या आणि तरी त्या शेवटपर्यंत तल्लख होत्या. एक तर शंभरी पार करून गेली. मेंदूत काय साचलंय आणि माणूस कसा वागतोय याचा हिशेब सरळ नसतो.

मग जीन्स, म्हणजे आईवडिलांकडून वारशाने येणारी जनुकं. आमच्याकडे हा विषय दादाने काढला. त्याला ऑनलाइन टेस्ट मागवायची होती, लाळ ट्यूबमध्ये घालून पाठवायची, काही आठवड्यांनी रिपोर्ट. तो म्हणाला, मला लग्न, मुलं, नोकरी सगळ्याचा विचार करायचाय, मला कळायला हवं. आत्या म्हणाली, कळून काय करणार, औषध आहे का? आणि बाबा उठून दुसऱ्या खोलीत गेले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला मला बराच वेळ लागला आणि मला वाटतं ज्यांच्या घरी हे आहे त्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी, कारण घबराट बहुतेक यातल्या गोंधळातून होते. "अल्झायमर आनुवंशिक आहे" या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक प्रकार असा आहे की पीएसईएन१, पीएसईएन२ आणि एपीपी या तीनपैकी एका जीनमध्ये बिघाड असतो, आई किंवा वडिलांकडे तो असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळायची शक्यता निम्मी, आणि मिळाला तर आजार जवळजवळ नक्की आणि तोही लवकर, चाळिशी-पन्नाशीत. कोलंबियात अशी मोठमोठी कुटुंबं आहेत, फ्रान्सिस्को लोपेरा या डॉक्टरांनी आयुष्यभर त्यांच्यासोबत काम केलं, तिथे चाळिशीतच माणसं विसरायला लागतात. आणि त्यातलीच एक बाई, तिच्याकडे तो बिघाड असूनही सत्तरीपर्यंत ठीक राहिली कारण तिच्याकडे दुसरा एक दुर्मिळ बदल होता, ज्याने तिला वाचवलं. २०१९ साली हे जगासमोर आलं. अल्झायमर हे नाव ज्यांच्यावरून पडलं त्या अलोइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफर्टला तपासलेली ऑगुस्टे डेटरही फक्त ५१ वर्षांची होती. पण हा लवकर येणारा, थेट वारशाने जाणारा प्रकार एकूण रुग्णांमध्ये एक टक्क्याहूनही कमी आहे. आजी त्यात बसत नाही. तिचं वयच ते सांगतं.

दुसरी गोष्ट म्हणजे एपीओई. हा जीन सगळ्यांकडे असतो, दोन प्रतींमध्ये, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. त्याचे मुख्य प्रकार तीन, २, ३ आणि ४. बहुतेकांकडे ३ असतो. २ ने धोका थोडा कमी होतो आणि ४ ने वाढतो, एक प्रत असेल तर साधारण तीन पट, दोन असतील तर आठ ते बारा पट, आणि हे आकडेही मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासांतून आलेत, सगळीकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. आजीकडे ४ ची एक प्रत आहे असं धरलं तर बाबांना ती मिळालेली असण्याची शक्यता निम्मी आणि मला पाव. आणि मिळाली तरी ती शिक्षा नाही. ४ असलेली कितीतरी माणसं शेवटपर्यंत ठणठणीत राहतात आणि ४ नसलेल्या कितीतरी जणांना अल्झायमर होतो. मी हे गणित आजीच्याच एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर मांडलं होतं. निम्मं, पाव. कागदावर बघितलं की बरं वाटतं, आणि मग बाबा शब्द शोधत थांबले की त्या पावाचा काही उपयोग होत नाही.

दादाच्या बाजूनेही बोलायला हवं. त्याचं म्हणणं मला चूक वाटत नाही. आईवडिलांना अल्झायमर असलेल्या लोकांना एपीओईचा निकाल नीट समजावून सांगितला तर काय होतं याचा एक अभ्यास २००९ साली छापून आलाय आणि त्यात असं दिसलं की निकाल कळल्यामुळे लोक मोठ्या चिंतेत किंवा नैराश्यात गेले नाहीत. माणसं सहन करतात. शिवाय आता लेकॅनेमॅबसारखी औषधं आली आहेत, अमेरिकेत २०२३ साली त्याला पूर्ण मंजुरी मिळाली, ती आजार बरा करत नाहीत, अगदी सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा वेग थोडा कमी करतात, पण ४ च्या दोन प्रती असतील तर त्यांच्यामुळे मेंदूत सूज आणि रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, म्हणून ती द्यायच्या आधी ही टेस्ट करून घ्यायला सांगतात. तेव्हा "कळून काय करणार" हे आत्याचं वाक्य आता पूर्ण खरं राहिलेलं नाही.

पण माझं अडतं ते दुसरीकडे. जेम्स वॉटसन, डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक, त्याचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचा नकाशा, २००७ साली जाहीर केला गेला तेव्हा त्याने एकच गोष्ट झाकून ठेवायला सांगितली, एपीओई. त्याच्या एका आजीला अल्झायमर होता. सगळं जगाला दाखवायला तयार झालेला माणूस, आणि हेच तेवढं त्याला स्वतःलाही नको होतं! पुढे दुसऱ्या काही संशोधकांनी दाखवलं की आजूबाजूच्या डीएनएवरून ती झाकलेली जागा ओळखता येऊ शकते आणि मग जास्तीचा भाग काढून टाकावा लागला. हे वाचल्यावर मला बाबा दिसले. दादाने टेस्ट केली आणि त्याच्याकडे ४ च्या दोन प्रती निघाल्या तर त्यातली एक बाबांकडूनच आलेली असणार, यात शंकेला जागा नाही. बाबांनी स्वतःहून काहीही न विचारता त्यांना उत्तर मिळणार. आणि दादाने काही नाही सांगितलं तरी त्याचा चेहरा सांगेल, तो लहानपणापासून काही लपवू शकत नाही. बाबा त्याला एवढंच म्हणाले होते, "तुला करायची तर कर, मला सांगू नकोस." एका घरात राहून हे कसं जमायचं? टेस्ट एकाची, आणि निकाल अर्ध्या घराचा.

आमची ही चर्चा एका रात्री फार रंगली होती, दादा आणि आत्या दोघंही हट्टाला पेटले होते, टक्के, पटी, शक्यता, आणि आई आतून हात पुसत आली आणि म्हणाली, "आज रात्री आईंच्या खोलीत कोण झोपणार आहे?"

कोणीच काही बोललं नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ती झोपते. रोज तीच झोपते. आजी रात्री उठते, दार उघडायला बघते, कधी पलंगावरून पाय खाली सोडून तशीच बसून राहते. संध्याकाळ झाली की तिची घालमेल सुरू होते, "मला घरी सोडा, अंधार पडायच्या आत पोचायला हवं." बाबा सुरुवातीला तिला समजवायला जायचे, अगं आई हेच घर आहे, हे बघ, ही तुझी खुर्ची, आणि ती अजून बिथरायची, आणि बाबा मग बाहेर जाऊन उभे राहायचे. आई म्हणते, "हो आई, जाऊया ना, तेवढे माझे हे टॉवेल घडी करून द्या." आणि आजी बसते. टॉवेलच्या कडा कडांना अगदी जुळवून घड्या घालते, आई त्या आत नेऊन मोडते आणि परत आणून देते. हे आईला कोणी शिकवलं नाही. या आजाराच्या माणसाशी वाद घालायचा नसतो, तिच्या भीतीला उत्तर द्यायचं असतं, हे डॉक्टरांनी आम्हाला नंतर सांगितलं, आई ते आधीपासूनच करत होती.

आणि मला तेव्हा एकदम दिसलं की ज्या बाईचं आजीशी रक्ताचं नातंच नाही, तीच हा सगळा भार उचलतेय, आणि आमच्या वारशाच्या बोलण्यात ती कुठेच नाही. म्हणजे आम्ही सगळे बाबांकडे बघत बसलो. आईकडे कोणी बघितलंच नाही. दादाकडे दोन प्रती निघाल्या तर दुसरी आईकडूनच आलेली असणार ना! आईचे वडील पन्नाशीतच हार्ट अटॅकने गेले, तिची आईही म्हातारी होण्याआधी गेली. त्या बाजूला कोणाला डिमेन्शिया झाला नाही असं आपण म्हणतो, पण तो व्हायच्या वयापर्यंत कोणी पोचलंच नाही. ज्या घरात आजार दिसतो त्या घराला आपण डाग लावतो आणि जिथे माणसं लवकर गेली ते घर निर्धास्त समजतो. हे मी आईला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "मी विचार केलाय त्याचा." आणि पुढे काही बोलली नाही.

लोक काहीबाही सल्ले देतात त्याचा मला फार राग येतो. शब्दकोडी सोडवा, डोकं चालतं ठेवा, ज्यांनी डोकं वापरलं नाही त्यांना होतं हे. आजीने आयुष्यभर डोकंच वापरलं. असं बोलणं म्हणजे आजारी माणसाला त्याच्या आजाराबद्दल दोषी ठरवणं आहे. पण याचा अर्थ काहीच आपल्या हातात नाही असाही नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या कमिशनचा २०२४ चा अहवाल चौदा अशा गोष्टी मोजतो ज्या बदलता येतात: ब्लड प्रेशर, डायबेटिस, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, दारू, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा, हवेचं प्रदूषण, नजर कमी होणं, ऐकू कमी येणं वगैरे, आणि सगळ्या मिळून काढल्या तर जगातल्या डिमेन्शियाच्या साधारण ४५ टक्के केसेस टळू किंवा लांबणीवर पडू शकतील असं त्यांचं म्हणणं आहे. हा आकडा सगळ्या लोकसंख्येचा आहे, एका माणसाला कोणी हमी देत नाही. आणि त्यातल्या कितीतरी गोष्टी, जसं हवा किंवा लहानपणी मिळालेलं शिक्षण, एकट्यादुकट्याच्या हातातल्या नाहीतच.

आमच्या हातात होतं ते बाबांना कानाच्या डॉक्टरकडे नेणं. त्यांना दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येत होतं. आम्ही ज्याला विसरणं म्हणत होतो त्यातलं अर्धं हे होतं, मी सकाळी सांगितलेलं त्यांना संध्याकाळी आठवत नाही कारण सकाळी ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, ते नुसती मान हलवत होते. ऐकलंच नाही ते आठवणार कुठून? मशीन लावल्यापासून बरंच सुधारलंय. शब्द अजून अडकतात कधीकधी, माझेही अडकतात. बाबांची स्मरणशक्तीची तपासणीही झाली, बी१२ आणि थायरॉइडपण बघितलं, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारू शकतं, आणि सध्या तरी वयाच्या मानाने सगळं ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, शब्द नंतर आठवतो ना, मग काळजी नको, तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने परत विचारायला लागले, ओळखीच्या रस्त्यावर चुकायला लागले तर या. बाबांनी हे नीट ऐकलं. मग घरी येऊन आजीशेजारी बसले, आणि आजीने त्यांना विचारलं, तुम्ही कोणाचे? आधी या प्रश्नाने ते मोडून जायचे. आता ते म्हणतात, "तुमचाच." आजीला ते उत्तर पुरतं.

रात्रीच्या पाळ्या आता वाटून घेतल्यात. दादा, बाबा, मी, आत्या येते तेव्हा आत्या. आईला आठवड्यातून बहुतेक रात्री झोप मिळते, आणि ती सांगते की पहिल्या काही रात्री तिला झोपच लागली नाही, कान तिकडेच होते.

टेस्टचं अजून तसंच आहे. मी आत्ता करणार नाही, मला माझ्या बाबांच्या आधी त्यांच्याबद्दल काही कळून घ्यायचं नाहीये. दादाने ऑनलाइन मागवायचं रद्द केलं आणि जेनेटिक काउन्सेलरची वेळ घेतली, टेस्टसाठी नाही, आधी नुसतं बोलायला, निकालाचं काय करायचं, घरात कोणाला काय सांगायचं हे ठरवायला. बाबा म्हणाले मी येणार नाही. आई म्हणाली, "मी येते, मला माझं विचारायचंय."